गाडीचे चाक बदलण्याआधी हिशेब मांडा

कापडाचे गठ्ठे, शिवलेला माल, फळांच्या पेट्या किंवा कामाची हत्यारे घेऊन आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे आजही जुनी बुलेट आहे. गाडी मजबूत, पण मागचा टायर झिजला की अडचण सुरू होते. जुन्या बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ मापाचा टायर लागतो. स्प्लेंडरची चाके १८ इंची, पल्सर १५० ची १७ इंची. रस्त्यावर अशाच गाड्या जास्त, म्हणून दुकानदार हीच मापे भरून ठेवतो. मागच्या चाकासाठी १९ इंची टायर मागितला तर एखाद-दुसरा नमुना पुढे येतो. मग मेकॅनिक म्हणतो, "मागे १८ ची रिम टाका, पाहिजे तो टायर मिळेल." सल्ला खोटा नाही. पण हिशेब न करता तो अमलात आणला तर पैसा जातो आणि जीवही धोक्यात येतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

टायरवरचे आकडे वाचा

पन्हा न पाहता आपण तागा घेत नाही. टायरचेही तसेच आहे. ३.२५-१९ म्हणजे रुंदी ३.२५ इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. या जुन्या मापात टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरतात. १००/९०-१८ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, अर्थात ९० मिलिमीटर, आणि रिम १८ इंच.

आता चाकाची पूर्ण उंची काढा. रिमच्या व्यासात टायरची उंची दोन वेळा मिळवायची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

३.२५-१९ : ४८३ + १६५ = ६४८ मि.मी.
९०/९०-१८ : ४५७ + १६२ = ६१९ मि.मी.
१००/९०-१८ : ४५७ + १८० = ६३७ मि.मी.
१२०/८०-१८ : ४५७ + १९२ = ६४९ मि.मी.

यातून काय दिसते? रिम एक इंचाने लहान झाली तरी टायर नीट निवडला तर चाकाची उंची जवळपास तीच राहते. १००/९०-१८ घेतला तर फरक दोन टक्क्यांच्या आत आहे. स्वस्त म्हणून ९०/९०-१८ घातला तर चाक साडेचार टक्क्यांनी लहान होते. तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरते आणि गाडीची मागची बाजू सुमारे १४ मिलिमीटर खाली बसते. त्यामुळे साइड स्टँडवर गाडी पुरेशी कलत नाही. वर गठ्ठे लादलेले असले तर ती दुसऱ्या बाजूला पडण्याची भीती असते.

जास्त रुंद म्हणजे जास्त चांगला नव्हे

कंपनीनेही हाच मार्ग धरला आहे. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिक ३५० ला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ टायर होता. ते पाहून काही जण जुन्या गाडीलाही १२० चा टायर मागतात. हिशेबात उंची जुळते, पण रुंदी कुठे बसवणार? चेन, चेनकव्हर आणि मागचा फोर्क यांच्यामध्ये जुन्या टायरपुरतीच जागा ठेवलेली असते. टायर कुठेही घासता कामा नये.

रिमची रुंदीही पाहावी. ३.२५ चा टायर १.८५ इंची रिमवर चालतो. १००/९० ला किमान २.१५ इंच रुंद रिम लागते, २.५० उत्तम. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याचा माथा जास्त गोल होतो आणि ओझ्याखाली गाडी डुलते.

आपला खरा प्रश्न ओझ्याचा

टायरवर मापानंतर आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजनाचा. ५४ म्हणजे २१२ किलो, ५७ म्हणजे २३० किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. अक्षर वेगाचे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. हे वजन केवळ मालाचे नसते. गाडी, स्वार आणि माल मिळून मागच्या चाकावर जो भार येतो, तो सारा यात धरायचा. नव्या टायरचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा. तो कमी असेल तर टायर कितीही देखणा असला तरी सौदा सोडून द्यावा. आयएसआय चिन्ह पाहावे. शेवटचे चार आकडेही पाहावेत. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा.

काम करून घेताना

१. हब आणि ब्रेक तेच ठेवून फक्त रिम, स्पोक, टायर व ट्यूब बदला. हबला जितकी भोके तितक्याच भोकांची रिम घ्या.
२. स्पोक जवळपास अर्ध्या इंचाने लहान लागतात. जुने कापून वापरू देऊ नका.
३. स्पोकच्या चाकात ट्यूब हवीच. तीही नव्या मापाची घ्या.
४. चाकाचा आऊट काढून घ्या. पुढचे व मागचे चाक एका रेषेत आहे का, ते दोरी लावून तपासा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा कसून घ्या.
५. पुढचे चाक १९ इंचीच राहू द्या. जुन्या बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो. ते चाक लहान झाले तर काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, शिवाय हँडलचा स्वभावही बदलतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही आधी लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर विम्याचा दावा अडला तर टायरमध्ये वाचवलेले चार पैसे कामाला येत नाहीत.

शेवटी व्यापाऱ्याचा हिशेब. आपल्या तालुक्यात ३.२५-१९ चा चांगला, ताजा टायर मिळत असेल तर रिम बदलण्याची गरज नाही. मिळत नसेल, उंची जुळत असेल, वजनाचा आकडा भरत असेल आणि कागद साफ असेल, तरच १८ ची रिम घ्यावी. या चारांतली एक गोष्ट जरी कमी पडली तरी जुने चाकच बरे. ज्या गाडीवर घरची रोजी चालते, तिच्यावर प्रयोग करू नये.