सात पिल्लांची खतावणी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

परिव्यय लेखांकनाच्या तासाला आम्हांला नॉर्मल लॉस आणि अब्नॉर्मल लॉस यांतील फरक शिकविण्यात आला. प्रक्रियेत जी घट होणारच ती सामान्य. तिचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर बसतो. जी घट काळजी घेतली असती तर टळली असती ती असामान्य; तिची रक्कम वेगळी काढून सरळ नफा-तोटा खात्यात न्यावयाची. उदाहरणे नेहमीचीच, रसायन उडून गेले, पोते भिजले. परीक्षेत मी हे बरोबर लिहिले व गुणही मिळाले. पण हा फरक मला खरा कळला तो गेल्या डिसेंबरात, आमच्या गोठ्यात, कुत्रीच्या पिल्लांपाशी. हा लेख वाणिज्याचा की पशुपालनाचा, हे संपादकांनी ठरवावे.

माझे गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला मंडलात आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि आजोळी कन्नड, कारण आईचे माहेर बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ तालुक्यातले. तेथून मामांनी दोन वर्षांपूर्वी अडीच महिन्यांची एक कुत्री दिली. तिचे नाव हरणी. 'मुधोळची कुत्री' म्हटले की आमच्याकडचे लोक हमखास विचारतात, 'म्हणजे बासरजवळच्या मुधोळची?' तेही मुधोळच. २०१६ पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे. पण कुत्र्यांचे मुधोळ ते नव्हे.

ही जात महाराष्ट्रात 'कारवान' म्हणून ओळखली जाते. लांब केसांचा प्रकार असेल तर त्यास 'पश्मी' म्हणतात. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने माग धरते. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस उत्तेजन दिले आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहास एक जोडी भेट दिली, ही हकिगत तिकडे शाळकरी पोरही सांगते. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांतील एकावर मुधोळ आहे. तालुक्यातील तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्रही चालते.

ग्रंथालयात मला यावर मराठी पुस्तक मिळाले नाही. मिळाले ते विलायती कुत्र्यांवरचे इंग्रजी पुस्तक, आणि त्यात व्हिपेट या जातीचे प्रकरण. व्हिपेट म्हणजे याच घराण्यातले, पण पुष्कळ ठेंगणे कुत्रे. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगार ते पाळीत. घोड्यांची शर्यत परवडत नसे, म्हणून रविवारी व्हिपेट पळवीत, आणि मालक पलीकडच्या टोकाला फडके हलवून कुत्र्यास बोलावी. बाळंतपणाची बरीच माहिती मी त्यातून घेतली. शरीराची ठेवण सारखी असल्याने ती बहुतेक लागू पडली. एक मुद्दा येथेच सांगतो. चरबी कमी असल्याने ग्रेहाऊंडसारख्या कुत्र्यांस भूल देण्याची काही औषधे लवकर उतरत नाहीत. पोट फाडून पिल्ले काढण्याची वेळ आली तर डॉक्टरांस जात आधी सांगावी.

हरणी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा वर्षाचीही नव्हती. ती खेप आम्ही सोडून दिली. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणेही अठरा महिन्यांच्या आत मादी लावता येत नाही. पुढच्या खेपेला चुलतभावाने सोपा मार्ग सुचविला. मामांकडे हरणीच्याच वेतातला तिचा भाऊ आहे, खर्च शून्य. मामा फोनवर नुसते 'बेडा' म्हणाले, म्हणजे 'नको'. त्यांच्याकडे कन्नडात लिहिलेली एक वही आहे. कोणती मादी, कोणता नर, किती पिल्ले झाली, किती जगली, एवढेच तिच्यात आहे. एकदा त्यांनी शेजाऱ्यांच्या आग्रहाने सख्ख्या भावंडांची जोडी लावली होती. त्या पानावर सहा पिल्लांपुढे चार फुल्या आहेत. एका पानावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला समजते. पण दोष दडलेला असेल तर तो आई-बाप दोघांकडून एकदम पिल्लात उतरण्याची शक्यता जवळच्या नात्यात वाढते, हे शास्त्र आहे. खेडोपाडी नर थोडे, आणि जो फुकट मिळतो तो घरचाच, म्हणून या जातीला खरा धोका येथेच आहे असे माझे मत झाले.

अखेर मामांच्या ओळखीने नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे एक नर सापडला. टेम्पोने न्यावयाचे आणि नराच्या मालकास एक पिल्लू द्यावयाचे, अशी बोली ठरली. रक्त दिसू लागल्यापासून साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसांत मादी नरास उभी राहते. आम्ही अकराव्या दिवशी गेलो व एक दिवस सोडून पुन्हा भेट घडविली. जोडी अडकते ती पंधरा-वीस मिनिटे, कधी अधिक. गावात अशा वेळी पोरे दगड मारतात. त्याने दोन्ही जनावरांस इजा होते. ती आपोआप सुटेपर्यंत थांबणे एवढेच आपले काम.

तेथून त्रेसष्ट दिवस धरावे. पहिले पाच आठवडे खाणे नेहमीचे, पुढे हळूहळू वाढवावे व दिवसातून तीन-चारदा थोडेथोडे द्यावे. तालुक्याच्या एका दुकानदाराने मला कॅल्शियमची मोठी बाटली दिली, 'गाभण आहे, रोज पाजा' म्हणून. मी चार दिवस पाजली. पशुवैद्यांनी ऐकताच बंद करविली. गाभणपणी वरून कॅल्शियम दिले तर शरीर आपल्या हाडांतून ते काढण्याचे विसरते, आणि विल्यानंतर दूध उतरले की रक्तातले कॅल्शियम घसरून कुत्रीस झटके येतात. मी बाटलीची किंमत खर्चात धरली नाही, लाजेने.

जुन्या दाराच्या फळ्यांची पेटी केली. आतून चारी बाजूंना वीतभर उंचीवर आडवी पट्टी ठोकली, की कुत्री टेकून बसली तरी पिल्लू भिंतीशी चेपू नये. शेवटच्या आठवड्यात रोज दोन वेळा थर्मामीटर लावीत होतो. एरवी ३८ च्या वर असणारा ताप चौदा डिसेंबरला सकाळी ३७ वर आला. म्हणजे चोवीस तासांच्या आत वेणा. त्या रात्री साडेदहाला पहिले पिल्लू झाले आणि पहाटे चारला सातवे. प्रत्येकामागे वार पडली की नाही, हे मोजावे. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू न आले तर डॉक्टरांस बोलवावे. ती वेळ आली नाही. हरणीने नाळा स्वतः तोडल्या, पिल्ले चाटून कोरडी केली, आणि सकाळपर्यंत सातही जणांनी चीक ओढला होता. गायीच्या चिकासारखेच याचेही महत्त्व आहे. रोगाशी लढण्याची शक्ती त्यातून येते, आणि ती पहिल्या दिवसातच घ्यावी लागते.

आता थंडीकडे येतो. आदिलाबादचा डिसेंबर ज्यांनी पाहिला नाही त्यांस तेलंगणात थंडी पडते हेच पटत नाही. आमच्याकडे पारा एक आकडी होतो. नवजात पिल्लास कुडकुडताही येत नाही; पहिला आठवडा त्याच्याभोवती साधारण तीस अंश ऊब हवी. मी गोणपाटावर जुने लुगडे अंथरले आणि वर शंभराचा बल्ब टांगला. तिसऱ्या रात्री बल्ब उडाला. दुसरा बल्ब घरात होता. मी गोठ्यातच होतो, पण झोपलो होतो.

पाचला जाग आली तेव्हा पाच पिल्ले आईच्या पोटाशी होती, दोन पेटीच्या कोपऱ्यात. एक गेलेले होते. दुसरे दगडासारखे गार, पण तोंड हलवीत होते. मला वाटले, भुकेले आहे. चुलीवर दूध कोमट केले आणि ड्रॉपरने पाजले. तासाभरात तेही गेले. नंतर डॉक्टरांनी तेलुगूत जे सांगितले ते येथे ठळक लिहितो, कारण हे वाक्य मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. गार पडलेल्या पिल्लास दूध पाजू नये. अंग थंड असताना आतडे चालत नाही, दूध पचत नाही, गिळताना ते फुप्फुसात जाते. आधी ऊब द्यावी. छातीशी धरून किंवा फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवून, घाई न करता, तास-दोन तास. अंग गरम लागले व पिल्लू स्वतः तोंड मारू लागले की मगच दूध.

त्या दिवसापासून पिल्ले रोज तोलू लागलो. आधी ओळख पटावी म्हणून आईने त्यांच्या कपाळी कुंकू लावले. हरणीने दोन मिनिटांत पाचही कपाळे चाटून साफ केली. मग निरनिराळ्या रंगांची लोकर गळ्यात सैल बांधली व दर दोन दिवसांनी बदलली. पहिला दिवस सोडला तर पिल्लाचे वजन रोज वाढलेच पाहिजे. आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हावे. वजन एक दिवस थांबले तरी काहीतरी बिघडले आहे असे समजावे. पिल्लू रडण्याआधी तराजू सांगतो. पिवळ्या लोकरीचे पिल्लू सहाव्या दिवशी अडकले; त्यास मागच्या, अधिक दुधाच्या सडाशी धरून बसू लागलो आणि ते सावरले.

पुढचे भराभर सांगतो. बाराव्या दिवसापासून डोळे उघडले. पंधराव्या दिवशी पहिले जंतनाशक, पुढे दर पंधरवड्यास. जंत आईकडूनच येतात, म्हणून तिलाही द्यावे. चौथ्या आठवड्यात पातळ खाणे सुरू केले. नाचणीच्या पेजेला आम्ही आंबील म्हणतो आणि मामा अंबली, त्यावर जेवताना वाद झाला. पिल्लांनी त्यात अंडे कुस्करलेले असल्याने वाद घातला नाही. सातव्या आठवड्यात पहिली लस टोचली. रेबीजची तिसरा महिना झाल्यावर.

आता हिशोब. टेम्पो ३२०० रुपये, हरणीचे जादा खाणे २६००, डॉक्टर व औषधे १९००, पेटी-बल्ब ८००, पिल्लांचे खाणे २४००, जंत व लसी ३१००. एकूण १४,०००. मी पहिल्यांदा सरळ पाचने भागिले व प्रत्येक पिल्लू २८०० ला पडले असे लिहिले. वडील म्हणाले, 'बरोबर आहे की, दोन मेली त्यांचा खर्च उरलेल्यांवरच बसणार.' पण तसे लिहिले तर ती घट सामान्य ठरते, आणि ती सामान्य नव्हती. घरात दुसरा बल्ब होता. म्हणून पुन्हा लिहिले. तिसऱ्या दिवसापर्यंतचा खर्च ६३००, म्हणजे सातांत दरडोई ९००. दोघांचे १८०० असामान्य हानी खाती नावे. उरलेले १२,२०० पाचांत वाटले, प्रत्येकी २४४०. जी पिल्ले जगली त्यांच्या किमतीत माझी झोप मिळविण्याचे कारण नव्हते.

ही वही आईने पाहिली. तिला वाचता येते. तिने विचारले, 'माझी मजुरी कुठे लिहिलीस?' डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. मी कॉलेजला परतल्यावर पिल्लांसाठी ती चार दिवस शेतात गेली नव्हती, तिच्याऐवजी बाई लावावी लागली. आमच्या पुस्तकात मालकाच्या घरच्यांच्या श्रमाला खाते असते, पण ते कोणी उघडत नाही.

पिल्ले पाच आठवड्यांची असताना एक गृहस्थ जीप घेऊन आले व पाचही पिल्लांचे दर नगास आठ हजार सांगितले. सशामागे सोडायची आहेत, हे त्यांनी लपविले नाही. चाळीस हजार. मला मोह झाला नाही असे लिहिणे खोटे होईल. वडील तर रात्रभर बोलले नाहीत. वन्यजीवांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे. शिवाय आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच. चावा किती घ्यावा हे पिल्लू या दिवसांत भावंडांकडून शिकते. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हे मला तेव्हाच नियम वाचताना कळले; आमची नव्हती. आई म्हणाली, 'देगलूरवाल्याला शब्द दिलाय, पाच कशी देणार?' सकाळी वडिलांनी गृहस्थांना फोन करून नाही म्हटले.

आठ आठवडे पुरे झाल्यावर एक पिल्लू देगलूरला गेले, एक मामांकडे. दोन आमच्याच जिल्ह्यातील ओळखीच्या शेतकऱ्यांकडे, एक जैनथला व एक बोथला, राखणीसाठी. किंमत घेतली नाही. त्यांनी लसीचे दरडोई ६२० मात्र आग्रहाने दिले. पिवळ्या लोकरीचे घरी ठेवले. जमा १२४०, खर्च १४,०००, आणि आईचे चार दिवस, जे मी बाईला दिलेल्या मजुरीच्या दराने वहीत शेवटी चढविले.

हरणी लवकरच पुन्हा माजावर येईल. लागोपाठ दोन खेपा मादी लावू नये, असे नियमही सांगतो आणि मामांची वहीही. या खेपेला तिला घरातच बांधून ठेवावयाचे ठरले आहे. पिवळ्या लोकरीचा नर तोवर मोठा होईल, म्हणून त्याच्यासाठी वेगळी साखळी आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला खुंटी, एवढी सोय वडिलांनी आधीच केली आहे.