जुनी गाडी घेताय? भाव मालकाला नका विचारू, आधी स्वतः काढा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी सेकंडहँड गाडी घेण्यावर बोललो. त्यातला हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

आधी माझी चूक सांगतो. दुकानाचं पहिलंच वर्ष होतं. ओळखीतली एक व्हॅन मिळाली, पॉलिश करून चकाचक. मालक म्हणाला २ लाख १० हजार, मी घासाघीस करून दहा हजार कमी केले आणि खूश झालो. दोन महिन्यांत टायर आणि क्लच मिळून ३० हजार गेले. दिवाळीचा माल भरायची वेळ आली तेव्हा हातात पैसेच नव्हते. बीबीएला घसारा शिकलो होतो, पण गाडी बघताना तो आठवलाच नाही. मी भाव कमी केला, पण योग्य भाव किती ते काढलंच नव्हतं.

पायरी १ : बाजारभाव

तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंधन आणि साधारण तेवढेच किलोमीटर असलेल्या निदान ७ गाड्यांच्या जाहिराती बघा. समजा मागितलेले भाव असे आहेत (लाखांत): २.९०, ३.०५, ३.१०, ३.२०, ३.२५, ३.४०, ३.७५. यातला मधला आकडा घ्या, म्हणजे ३.२०. सरासरी नको, कारण एखादा माणूस उगाच पावणेचार मागत असतो आणि त्याच्यामुळे सरासरी वर जाते.

पडताळणीसाठी गाडीच्या विम्यावरची आयडीव्ही बघा. विम्याच्या तक्त्यात २ ते ३ वर्षांच्या गाडीला ३० टक्के, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, म्हणून जुन्या गाडीला तिच्यावर फार विसंबू नका.

पायरी २ : या गाडीचा खर्च वजा करा

आपल्या भरवशाचा मेकॅनिक सोबत न्या, त्याला त्याचे पैसे द्या. आता नीट लक्ष द्या. त्या वयाच्या प्रत्येक गाडीला जो खर्च येतो, तो बाजारभावात धरलेलाच असतो. फक्त याच गाडीचा जास्तीचा खर्च वजा करायचा.

- चारही टायर गुळगुळीत : १६,०००
- क्लच : ९,०००
- विमा संपलेला : १२,०००

एकूण ३७,०००. म्हणजे ३,२०,००० वजा ३७,००० = २,८३,०००. हा तुमचा आकडा. बोलणी २ लाख ६५ पासून सुरू करा आणि २ लाख ८३ च्या वर गेलं की नमस्कार करून निघा. मालकाला खर्चाची यादी दाखवा. "कमी करा ना" म्हणण्यापेक्षा यादी जास्त काम करते.

पायरी ३ : कागद

कागद अडकले तर स्वस्त गाडी पण महाग पडते.

- आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का?
- आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- ई-चलन थकलंय का?
- नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्या का?
- विमा चालू असेल तर तो १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. मालकाचा नो क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.
- माल वाहायला घेताय तर पिवळी पाटी आणि फिटनेसची तारीख बघा.

पायरी ४ : गाडीला परवडते, धंद्याला परवडते का?

हे बहुतेक जण करतच नाहीत. समजा भाड्याच्या टेम्पोला फेरीला ६०० रुपये जातात.

महिन्याला १५ फेऱ्या असतील तर भाडं ९,०००. स्वतःच्या गाडीचं पेट्रोल, विमा, देखभाल धरून ६,०००. वाचले ३,०००. २,८३,००० वसूल व्हायला ९४ महिने, म्हणजे जवळजवळ आठ वर्षं!

३० फेऱ्या असतील तर भाडं १८,०००, गाडीचा खर्च १०,०००. वाचले ८,०००. वसुली साधारण ३५ महिन्यांत.

गाडी तीच, भाव तोच. पहिल्या दुकानदाराने भाड्याचा टेम्पोच चालू ठेवावा, दुसऱ्याने गाडी घ्यावी. विकताना थोडे पैसे परत येतील हे खरं, पण तोपर्यंत ते भांडवल अडकलेलंच राहतं. आणि ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याचा पगार पण खर्चात धरा, मग बरेचदा उत्तरच बदलतं.

गृहपाठ : मागच्या तीन महिन्यांतल्या फेऱ्या मोजा. अंदाजाने नको, पावत्या काढून. मग पायरी ४ आधी करा, गाडी बघायला नंतर जा. आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत दोन-तीन हिशोब आपण सोबत सोडवू.

गाडी आवडली की हिशोब सुचत नाही, म्हणून हिशोब घरूनच करून निघा. भेटू पुढच्या आठवड्यात!