प्रश्नोत्तरे : अंधारात वॉटर स्कूटर

प्रश्न : आम्ही सिल्वासाजवळ राहतो. मित्राने वॉटर स्कूटर घेतली आहे आणि दिवसभर कंपनीची ड्यूटी असल्यामुळे मधुबन धरणाच्या काठावरच्या दुधनीकडे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्याने पुढच्या बाजूला मोटरसायकलची पांढरी एलईडी पट्टी बसवून घेतली आहे. अंधार पडल्यावर धरणाच्या पाण्यात ती चालवणे कायद्याने चालते का? आणि पौर्णिमेच्या रात्री तरी हरकत नसावी ना?
– एक वाचक, सिल्वासा

उत्तर : आधी कायद्याचे बोलू, कारण ते लवकर आटोपते. नदी, तलाव, धरण यांवर इंजिनाने चालणाऱ्या वाहनांसाठी आपल्याकडे 1917 चा जुना कायदा होता. त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 आला आणि 2022 पासून तो लागू झाला. या कायद्याखाली नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता ही चारही प्रकरणे येतात. एका राज्यात केलेली नोंदणी देशभर चालते, ही त्यातली सोय. पण तुमच्या मित्राला आणखी एक दार ठोठावावे लागेल. मधुबन धरणाची भिंत गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे आणि फुगवटा दादरा-नगर हवेलीत पसरला आहे. म्हणजे पाण्यात उतरण्याची परवानगी आपल्या प्रशासनाकडून हवीच, शिवाय धरणाच्या जलसंपदा खात्याचे म्हणणेही विचारायला हवे. वॉटर स्कूटर विकत घेतली म्हणजे पाणीही आपले झाले, असा समज बऱ्याच जणांचा असतो. स्कूटर भाड्याची असेल तर प्रश्न सोपा आहे : ठेकेदाराची वेळ संपली की तुमचीही संपली.

आणि समजा अंधारात कोणाला धडक बसली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 282 आहे. बेदरकारपणे जलयान चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेक कंपन्या वॉटर स्कूटरच्या पुस्तिकेत सूर्यास्तानंतर चालवू नका असे स्वच्छ छापतात. ते पान विमा कंपनीही वाचते, हे मित्राला सांगा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात तर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत ती चालवायला कायद्यानेच बंदी आहे.

आता त्या एलईडी पट्टीकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. रस्त्यावर दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो. पाण्यावरचे दिवे दुसऱ्याने आपल्याला ओळखावे म्हणून असतात. समुद्रावर टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम भारतही मानतो. त्यांनुसार सूर्यास्त ते सूर्योदय डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि त्यासोबत पांढरा दिवा हवा. बारा मीटरपेक्षा लहान वाहनाला चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा आणि लाल-हिरव्याची जोडी पुरते. सात मीटरहून लहान आणि फार तर सात नॉटने जाणाऱ्या होडीला याहूनही सवलत आहे, पण सात नॉट म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. तेवढ्या वेगासाठी कोणी वॉटर स्कूटर घेत नाही.

या रंगांवरून समोरचा काय करतो आहे ते कळते. तुम्हाला लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर तो सरळ तुमच्या अंगावर येतो आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचे. इथेच आपला घात होतो. जन्मभर डाव्या बाजूने गाडी हाकलेला हात घाबरल्यावर डावीकडेच जातो. उजव्या हाताला नुसता लाल दिसला, तर तो तुमच्या समोरून डावीकडे निघाला आहे आणि वाट तुम्ही द्यायची आहे. आता विचार करा, समोरून पांढऱ्या पट्टीचा झगझगाट आला तर होडीतल्या माणसाला यातले काय कळणार? तुम्ही येताय की जाताय, किती लांब आहात, कोणत्या बाजूने वळाल, काहीच नाही. त्याचे डोळे मात्र दिपतात. शिवाय पट्टीचा उजेड उडणाऱ्या तुषारांवर आणि धुक्यावर आपटून परत येतो, आणि चालवणारा स्वतःही आंधळा होतो. पट्टी काढून टाकायला सांगा.

लाल-हिरवे दिवे बसवून घेतले तर चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. अडचण वॉटर स्कूटरच्या बांधणीतच आहे. चालवणारा आणि मागे बसलेला, दोघे मिळून मागचा दिवा झाकतात. वाहन पाण्यात इतके खाली असते आणि इतके उसळते की दिवा क्षणात दिसतो, क्षणात लाटेआड जातो. त्याहून मोठी गोष्ट अशी की तिला पंख्यामागे वल्ह्यासारखे सुकाणू नसते. मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलून ती वळते. थ्रॉटल सोडला की झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाते. अडथळा दिसल्यावर माणूस पहिल्यांदा थ्रॉटलच सोडतो. दिवसा हे शिकवता येते, सरावाने जमते. ताशी पन्नासच्या वेगाने सेकंदाला सुमारे चौदा मीटर जाणाऱ्या माणसाला अंधारात अडथळा दिसतोच मुळी शेवटच्या सेकंदाला.

आणि धरणात अडथळे कमी नसतात. धरणाच्या बुडीत क्षेत्रात झाडांचे बुंधे, खडक, जुन्या बांधांचे दगड पाण्याखाली राहतात. उन्हाळ्यात पाणी उतरते तसे ते वर येतात. मागच्या महिन्यात मोकळा असलेला मार्ग या महिन्यात तसा असेलच असे नाही. संध्याकाळ ही जाळी टाकणाऱ्यांचीही वेळ. लाकडी होडी पाण्यालगत बसते, तिच्यावर कंदील असला तर असला. जाळ्याचा दोर झोताच्या तोंडात गेला की इंजिन गुदमरते, आणि मग तुम्ही अंधारात, विनाइंजिन, मधोमध.

वाऱ्याचेही बघा. 21 मे 2024 ला संध्याकाळी उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. पावसाआधीच्या दिवसांत असा वारा संध्याकाळीच उठतो, आणि अंधारात ढग चढलेला दिसत नाही.

पौर्णिमेबद्दल : चांदण्यात पाण्याचा पृष्ठभाग चकाकतो, म्हणून आपल्याला खूप दिसते आहे असे वाटते. प्रत्यक्षात चकाकीच्या पट्ट्यात असलेली होडी काळी सावली म्हणून ओळखू येते आणि पट्ट्याबाहेरची अजिबात नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके तर दोन्हीकडे दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने चंद्र हा दिवा नाही.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे : रात्री वॉटर स्कूटर नको. रात्री पाण्यावर जायचेच असेल तर नोंदणी केलेली, नियमाचे दिवे असलेली, अनुभवी नावाडी असलेली होडी घ्या. दमणला जांपोरच्या किनाऱ्यावर जाण्याचा बेत असेल तरीही हेच, उलट जास्तच. तिथे ओहोटीला पाणी लांब ओसरते आणि दमणगंगेच्या मुखातून मासेमारी बोटी भरती साधून ये-जा करतात.

राहिला ड्यूटीचा प्रश्न. आपल्याकडे जूनच्या सुमारास सूर्य सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी जा, हिवाळ्यात सकाळी जा. काठावर परत यायची वेळ सूर्यास्ताच्या निदान अर्धा तास आधीची ठरवा आणि ती घरी सांगून ठेवा. स्कूटर बिघडून उशीर झालाच तर उपयोगी पडेल असे अंगावर असू द्या : लाइफ जॅकेट, तेही परावर्तक पट्ट्यांचे, त्याला बांधलेली शिट्टी आणि पाण्यात चालणारी टॉर्च. किल स्विचची (चालवणारा पडला की इंजिन बंद करणाऱ्या कळीची) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असली पाहिजे, नुसती खिशात नव्हे. मोबाइल जलरोधक पाकिटात ठेवा, पण डोंगरांच्या कुशीत रेंज सगळीकडे भरवशाची नसते हे धरून चाला. मदतीला 112, समुद्रावर तटरक्षक दलाचा 1554. आणि इंजिन बंद पडले तर पोहत काठ गाठण्याचा मोह टाळा. तरंगणारे वाहन सोडू नका. शोधणाऱ्याला माणसापेक्षा ते आधी सापडते.