पल्ल्यात असूनही अदृश्य

जिम डनिगन यांनी रचलेला आणि १९७० साली अ‍ॅव्हलॉन हिलने प्रसिद्ध केलेला 'पॅन्झरब्लिट्झ' हा पूर्व आघाडीवरील रणगाड्यांच्या झुंजींचा खेळ मी प्रथम मांडला, तेव्हा पटावरील टेकड्या, राने आणि गावे चाल मंदावण्यापुरतीच आहेत, अशी माझी दृढ समजूत होती.

त्या डावात जर्मन फौज माझ्याकडे होती. समोरचे मैदान एका नजरेत यावे म्हणून टेकडीच्या माथ्यावर ८८ मिलिमीटरच्या तोफांचे मोर्चे बांधले, पायदळ पाठीमागच्या गावात राखून ठेवले, आणि साऱ्या मुलखाचा बंदोबस्त झाला असे मानले. मित्राने आपले टी-३४ रणगाडे पहिल्या खेळीत एका रानात नेले, दुसरीत पुढच्या रानात, तिसरीत थेट टेकडीखालच्या वस्तीत. सोंगट्या माझ्या डोळ्यांदेखत पटावर होत्या, पल्ल्यातही होत्या. परंतु रानात वा गावात शिरलेल्या तुकडीवर, तिच्या लगतच्या षट्कोनी घरात आपली तुकडी असल्यावाचून, तोफ डागता येत नाही, हे कलम वाचूनही मी मनावर घेतले नव्हते. एक षट्कोन म्हणजे अडीचशे मीटर. तितक्या जवळून झाडीतली खबर देणारे माझे कोणीही तेथे नव्हते. त्यातच शत्रू चालत असताना त्याच्यावर मारा करण्याची मुभा या खेळात नसल्याने दोन रानांमधला उघडा पट्टा त्याने निर्धास्त ओलांडला. जाणते खेळाडू या डावपेचाला 'पॅन्झरबुश' म्हणतात. १९७४ च्या 'पॅन्झर लीडर' या खेळात चालत्या शत्रूवर मारा करण्याची मुभा मिळाली, आणि ती मिळणे न्याय्यच होते.

म्हणून नव्याने पट मांडणाऱ्यास माझे कळकळीचे सांगणे असे की, तोफेची जागा मुक्रर करण्यापूर्वी शत्रूच्या वाटेवरील राने हेरावीत, आणि ज्या दोन रानांमधील अंतर एका खेळीत तोडता येण्याजोगे असेल, त्यांतील पुढचे रान आधीच पायदळाने अडवावे. दृष्टिरेषेबद्दल शंका असेल तेथे षट्कोनाच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोरा ताणून पाहावा. सखल भागातील दोन तुकड्यांच्या मध्ये टेकडीचा माथा आला, की बलाढ्य तोफही निरुपयोगी ठरते, आणि हे चाल करून बसल्यावर कळण्यात काही अर्थ नसतो.

पुढच्या डावात मी पायदळाची एकच तुकडी दुसऱ्या रानाच्या कडेला नेऊन ठेवली. रणगाडे तिच्या लगतच्या झाडीत येऊन थांबले, आणि माझी खेळी येताच टेकडीवरच्या तोफा प्रथमच कामी आल्या.