निळा दिवा, डासांची रॅकेट आणि घरातली मुलं

पावसाळा लागला की पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत डास मारायच्या रॅकेट आणि निळ्या दिव्याची यंत्रं टांगलेली दिसतात. ‘बाळाच्या खोलीत लावलं तर चालेल ना?’ हा प्रश्न मात्र बहुतेकांना खरेदी झाल्यावर पडतो. म्हणून आज त्याविषयी.

या यंत्रातला दिवा साधारण 365 नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतो. माश्या, पतंग, पावसाळी किडे त्याच्याकडे झेपावतात आणि विजेच्या जाळीवर मरतात. डेंगी पसरवणारा एडिस डास त्याला फारसा भुलत नाही. तो दिवसा चावतो आणि आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास यांच्या मागावर येतो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात अशा यंत्रांत मेलेले किडे मोजले. 13,789 किड्यांत चावणारे निघाले फक्त 31. आपल्या पुण्यात 2024 च्या जूनमध्ये एरंडवण्यात याच एडिसमुळे पसरणाऱ्या झिकाचे रुग्ण सापडले आणि पुढे गरोदर स्त्रियांनाही लागण झाली. डेंगी तर दरवर्षीची. अशा शहरात निळा दिवा लावून निर्धास्त झोपणं मला पटत नाही.

दिव्यापासून अपाय होतो का? चांगल्या यंत्राचे किरण चार हातांवरून त्वचेला किंवा डोळ्यांना बाधत नाहीत. टक लावून पाहू नका, एवढंच. मला काळजी वाटते ती ट्यूब बदलण्याची. कोरोनाच्या काळात जंतू मारणाऱ्या ‘यूव्ही-सी’ ट्यूब बाजारात सर्रास मिळू लागल्या. त्यांचे किरण 254 नॅनोमीटरचे असतात. पण 8 वॅटच्या दोन्ही ट्यूबची लांबी, जाडी, पिना सारख्याच, त्यामुळे चुकीची ट्यूबही होल्डरमध्ये नीट बसते आणि पेटते. तिच्या उजेडात घरची मंडळी बसली की डोळ्यांचा पुढचा पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो. डोळे खुपतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, आणि डोळे आले असं समजून घरगुती उपाय सुरू होतात. असं झालं तर दिवा बंद करा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा. जंतू मारणाऱ्या ट्यूबची काच आरपार दिसते, किड्यांच्या ट्यूबला बहुधा आतून पांढरा थर असतो. दुकानात जुनी ट्यूब सोबत न्या आणि ‘किड्यांच्या मशीनची, 365 ची’ असं स्पष्ट सांगा.

यंत्र ओट्यावर किंवा जेवणाच्या जागेवर टांगू नका. माशी जाळीवर फुटते तेव्हा तिच्या अंगावरचे जंतू हवेत उडतात, हे कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं आहे.

आता रॅकेट. तिच्या जाळीत हजाराहून जास्त व्होल्ट असले तरी साठवलेली वीज थोडी असते. झटका सणसणीत बसतो, निरोगी माणसाला सहसा इजा होत नाही. बटण सोडल्यावरही जाळीत थोडा वेळ वीज राहते, म्हणून ती खेळणं म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. पेसमेकर बसवलेल्यांनी दूर राहावं. खरा धोका चार्जिंगच्या वेळी. स्वस्त रॅकेटमध्ये चार्जिंगसाठी ट्रान्सफॉर्मर नसतो, आतलं सर्किट थेट 230 व्होल्टच्या लाइनशी जोडलेलं असतं. सॉकेटमध्ये असताना तिला हात लावू नका, तशीच वापरू नका, रात्रभर गादीजवळ चार्जिंगला ठेवू नका. दांडा तडकला असेल तर टाकून द्या. गॅसचा वास येत असताना किंवा डासांचा स्प्रे नुकताच मारला असताना ती चालवू नका, ठिणगीने भडका उडू शकतो.

पेठेतल्या जुन्या वाड्यांत वायरिंग जुनं आणि अर्थिंग नावापुरतं असतं. अशा घरी आधी इलेक्ट्रिशियनकडून 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. हा खर्च कुठल्याही यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे.

कुणी शॉक लागून चिकटलाच, तर त्याला न शिवता आधी मेन स्विच बंद करा. श्वास थांबला असेल तर 108 ला फोन लावून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा. लाइनचा शॉक लागून चक्कर आली, छातीत धडधडलं, किंवा बाई गरोदर असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या.

डास कमी करायचे तर पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, एडिसची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. आणि बाळासाठी यंत्र नको, मच्छरदाणी घ्या. दुपारच्या झोपेलाही तीच लावा.