समुद्रापासून चार कोस

शुक्रवारची संध्याकाळ. बहरीनच्या किल्ल्यात आबा भिंतीच्या सावलीला टेकले होते. हातात कागदी पेला; इथं त्या चहाला 'करक' म्हणतात, म्हणजे आपला कडकच. आबांनी कोल्हापुरात जन्मभर इतिहास शिकवला. नात जुई मात्र मनामात वाढलेली.

जुई : आबा, पोर्तुगीज इथं कशाला आले होते?

आबा : गोव्याला आले त्याच कामाला. समुद्र ताब्यात ठेवायला. 1521 ला बेट घेतलं, 1602 पर्यंत ठाण मांडलं. या लोकांना आपल्याकडं एकानं नेमकं ओळखलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांनी, राज्य कसं चालवावं ते सांगणाऱ्या 'आज्ञापत्रा'त.

जुई : अमात्य म्हणजे मंत्री ना?

आबा : राज्याचा जमाखर्च पाहणारा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले हे. 1689 ला संभाजी महाराज मारले गेले, त्यांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला निघाले, तेव्हा महाराष्ट्रातला सगळा मुलूख पंतांच्या हवाली झाला. 'हुकूमतपन्हा' किताब मिळाला. संताजी-धनाजी हे सेनापती लढायचे, पंतांनी पैसा, दाणागोटा पुरवायचा आणि सरदारांचे रुसवे काढायचे. मला विचारशील तर रुसवे काढणंच अवघड.

जुई : मग 'आज्ञापत्र' लिहिलं कधी?

आबा : म्हातारपणी, 1715 त. पन्हाळ्याच्या संभाजीराजांच्या, म्हणजे राजारामांच्या मुलाच्या, नावानं ती आज्ञा निघाली. तिकडं लंडनला पहिला जॉर्ज नुकता गादीवर आला होता. त्याच वर्षी बोलिंगब्रोक नावाचा बडा उमराव मंत्री जीव वाचवायला फ्रान्सला पळाला. देशभक्त राजा कसा असावा, हे त्यानंही पुढं लिहिलं, पण सत्ता गेल्यावर. पंतांच्या हातात कारभाराची दोरी होती.

जुई : आणि पोर्तुगिजांचं काय?

आबा : फिरंगी म्हणजेच पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, हे सगळे टोपीकर. पंत म्हणतात, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत. समुद्रकाठी जागा देऊच नये. वखारीला द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून चार-आठ कोस आत, सखल जागी. पक्की इमारत बांधू देऊ नये.

जुईनं भिंतीपलीकडं पाहिलं.

जुई : हे तर पाण्यालाच खेटून बसलेत!

आबा : म्हणून तर आठवलं.

जुई : द्रष्टेच म्हणायचे पंत.

आबा : थांब, लगेच हार घालू नकोस. 1714 त पन्हाळ्यावर राजारामांच्या राणी ताराबाईंना कैदेत टाकून याच संभाजीराजांना गादीवर बसवलं, त्यात पंतांचं अंग होतं. वतनदार म्हणजे छोटे छोटे राजेच, त्यांना आवरा, असं बजावणाऱ्या पंतांच्या घराण्याकडं बावड्याची जहागीर मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पावसाळ्यात गगनबावड्याला गेलो होतो ना, तोच बावडा.

जुई : (हसून) तरी तुम्हाला आवडतात.

आबा : झाडांसाठी. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, म्हणतात. ती काही वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून तोडा. गलबतं बांधायच्या धांदलीत फणसाच्या मालकाची आठवण! जमाखर्चवाल्यालाच हे सुचायचं.

जुईनं वाटेवरच्या खजुरीकडं बोट दाखवलं.

जुई : आणि खजूर?

आबा : पन्हाळ्यावर कुठला खजूर, बाळ? चल, चहा गार झाला.