हेडफोन आधी, ॲम्प्लिफायर नंतर

साधारण पंधरा ते चाळीस हजार रुपयांत हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर दुकानात पहिल्यांदा पडतो तो वॉटचा आकडा. विशेषतः सॉलिड-स्टेट, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर आणि आयसीवर चालणाऱ्या ॲम्पच्या बाबतीत. एकाचे दोन वॉट, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे सहा. आणि सहा वॉटवाला अर्थातच सगळ्यांत चांगला. मलाही असाच सहा वॉटचा ॲम्प देण्यात आला होता. कुठलाही हेडफोन लावा, चिंता नको, असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. मोठ्या हेडफोनवर तो खरोखर छान वाजला. रात्री छोटे इअरफोन कानात घातले, तर गाणं सुरू होण्याआधीच दोन्ही कानांत ‘सूं’ सुरू झालं. नॉब किंचित फिरवला की गवई फक्त डाव्या कानात. अजून जरा फिरवला की आवाज असह्य. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. ते बारीक इअरफोनसाठी बनलेलं नव्हतं, आणि हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

हे टाळायचं तर सुरुवात ॲम्पपासून करून चालत नाही. घरात कोणता हेडफोन आहे, किंवा कोणता घ्यायचा पक्का विचार आहे, तिथून करावी लागते. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: ओहममध्ये इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा, आणि डेसिबलमध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला किंवा शक्तीला मिळणारा आवाज. ॲम्पची निम्मी निवड या दोन आकड्यांतच होऊन जाते.

तीन खरे हेडफोन घेऊन हिशेब केला की चित्र स्पष्ट होतं. सेनहायझरचा एचडी ६५० हा २००३ साली आलेला आणि आजही आवडीने ऐकला जाणारा हेडफोन. त्याचं इम्पीडन्स ३०० ओहम. एक व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो. संगीतातल्या सर्वांत जोरकस क्षणाला ११० डेसिबल हवेत असं धरलं (हे मुद्दाम भरपूर धरलं आहे), तर त्याला लागतात सुमारे सव्वादोन व्होल्ट आणि अवघे १७ मिलिवॉट. दुसरा हायफायमॅनचा एचई-६. इम्पीडन्स ५० ओहम, पण एका मिलिवॉटला आवाज फक्त ८३.५ डेसिबल. तेवढेच ११० डेसिबल गाठायला हा पावणेपाच व्होल्ट, सुमारे ९५ मिलिअँपियर करंट, म्हणजे जवळपास ४५० मिलिवॉट मागतो. तिसरा शुअरचा एसई८४६ हा इअरफोन, ९ ओहमचा. तो एका मिलिवॉटला ११४ डेसिबल देतो, म्हणून ११० डेसिबलला त्याला अर्धा मिलिवॉटही लागत नाही. एचई-६ आणि एसई८४६ यांच्या गरजेत हजारपटीहून जास्त अंतर आहे. दोघांना सारखाच न्याय देणारा ॲम्प बनवता येतो, पण तो वॉटचा आकडा पाहून ओळखता येत नाही.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका व्होल्टला छापतात, तर काही एका मिलिवॉटला. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन पद्धतींत तब्बल १५ डेसिबलचा फरक पडतो. एकक न पाहता दोन हेडफोनांची तुलना केली, तर ती पार उलटी निघू शकते.

आता वॉटकडे. ‘सहा वॉट’ हे वाक्य अर्धवट आहे. किती ओहमला, ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ३२ ओहमला सहा वॉट म्हणजे जवळपास चौदा व्होल्ट. तेच चौदा व्होल्ट ३०० ओहमच्या हेडफोनला मिळाले की शक्ती उरते साडेसहाशे मिलिवॉटच्या आसपास. एचडी ६५०ला तीही कित्येक पटींनी पुरून उरते. शिवाय शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तीन आणि सहा वॉटच्या ॲम्पमध्ये ऐकू येणारा फरक नॉब जरासा फिरवण्याइतकाच. त्यासाठी जास्तीचे दहा हजार मोजणं मला अजिबात पटत नाही.

मग पैसे मोजायचे कशाला? माझ्या मते पहिल्यांदा शांततेला. ॲम्पच्या माहितीपत्रकात बाहेर पडणाऱ्या आवाजातला गोंगाट पुष्कळदा मायक्रोव्होल्टमध्ये दिलेला असतो. तो १० मायक्रोव्होल्ट असेल तर एचडी ६५०वर होतात जेमतेम ३ डेसिबल. कोणालाही ऐकू येणार नाहीत. एसई८४६वर मात्र त्याच दहा मायक्रोव्होल्टचे जवळपास ३५ डेसिबल होतात, आणि रात्रीच्या शांत खोलीत ते लपत नाहीत. इअरफोन वापरणाऱ्याने हा आकडा एक-दोन मायक्रोव्होल्टच्या घरात मागावा.

त्याच्याच जोडीला गेन, म्हणजे ॲम्प आलेलं व्होल्टेज किती पटींनी वाढवतो ते. डॅक (डिजिटल संगीताचं विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) किंवा सीडी प्लेअरमधून साधारण दोन व्होल्ट येतात. ॲम्प ते आणखी दहापट करत असेल, तर बारीक इअरफोनवर नॉबचा अगदी सुरुवातीचा भागच कामाला येतो, आणि नेमक्या त्याच भागात नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून एकपट गेनची सोय असलेला, निदान दोन पायऱ्यांचा ॲम्प घ्यावा.

आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या अडथळ्याची, गोष्ट जरा जुनी आहे. १९९६च्या आयईसी ६१९३८ या मानकात हेडफोनसाठी १२० ओहमचा स्रोत सुचवला होता, आणि काही नावाजलेले ॲम्प बरीच वर्षं त्या धोरणानुसार बनत राहिले. एचडी ६५०चं इम्पीडन्स खर्जाच्या पट्ट्यात ५०० ओहमच्या आसपास चढतं. १२० ओहमच्या ॲम्पवर तिथे सुमारे एक डेसिबलचा फुगवटा येतो. काहींना तो आवडतोही. कमी ओहमच्या, अनेक आर्मेचर (आवाज काढणारे सूक्ष्म भाग) असलेल्या इअरफोनचा मात्र सगळा सूरच बदलतो. २०११ साली नाव न सांगणाऱ्या एका इंजिनिअरने ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने ‘ऑब्जेक्टिव्ह२’ नावाच्या ॲम्पचा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावं, हा नियम त्याने लोकांच्या मनात पक्का केला. पुढच्या वर्षी तो गप्प झाला, पण त्यानंतर शंभर डॉलरच्या आसपास अत्यंत स्वच्छ ॲम्प मिळू लागले. जेडीएस लॅब्जचा ॲटम आणि शीटचा मॅग्नी ही त्यातली ठळक नावं. त्यामुळे आज मधल्या किमतीच्या ॲम्पने स्वच्छ आवाजापलीकडे काय दिलं, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

त्या ‘काय’मध्ये सुरक्षेचा क्रमांक वरचा. सॉलिड-स्टेट ॲम्पचं आउटपुट बहुधा थेट हेडफोनला जोडलेलं असतं. आतला ट्रान्झिस्टर निकामी झाला तर सगळं डीसी व्होल्टेज नाजूक कॉइलवर जातं आणि कॉइल जळते. चांगल्या ॲम्पमध्ये अशा वेळी हेडफोनची जोडणी तोडणारा रिले असतो. बटण दाबल्यावर काही सेकंदांनी ‘टक’ असा आवाज येतो तो त्याचाच. दुकानात ॲम्प दोन-तीनदा चालू-बंद करून पाहावा, तेही स्वस्तातला हेडफोन लावून. जोराचा ‘धप्प’ आला तर तो ॲम्प घेऊ नये.

अमेरिकेतल्या भाच्याकडून किंवा मुलीकडून ॲम्प मागवण्याची पद्धत पुण्या-मुंबईत आता रुळली आहे. तिथला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टला लावला की जळतो. ॲम्पवर व्होल्टेज बदलण्याचं बटण आहे का, हे आधी विचारावं. त्यातही ऑब्जेक्टिव्ह२सारख्या काही ॲम्पना एसी देणारा ॲडॉप्टर लागतो, कारण त्या एसीतूनच ते धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे तयार करतात. नेहमीचा डीसी ॲडॉप्टर लावला तर पिन बसेल, ॲम्प चालणार नाही.

‘घूं’ ऐकू आलं की लगेच ॲम्पला दोष देऊ नये. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज गेला तर दोष घरातल्या अर्थिंगकडे किंवा चार्जरकडे शोधावा. खरखरीचंही तसंच. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्या टेपच्या जमान्यातल्या ध्वनिमुद्रणांत टेपची स्वतःची खसखस असते. गाणं थांबवल्यावरही आवाज राहिला, तरच तो ॲम्पचा.

दोन ॲम्पची तुलना करताना दोघांचा आवाज मल्टिमीटरने मोजून सारखा करून घ्यावा. एक डेसिबलहून कमी फरक असला, तरी मोठा वाजणारा ॲम्प ‘अधिक स्पष्ट’ वाटतो, आणि पुष्कळ खरेदी या एका फसगतीवर होते. भरपूर शक्ती हाताशी आली की आवाज नकळत चढत जातो, हेही ध्यानात ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. ९२ डेसिबलला उरतात अडीच तास.

शेवटचा सल्ला ॲम्प घेण्याआधीचा आहे. एक व्होल्ट देणारा मोबाइलचा साधा डोंगल एचडी ६५०सारख्या हेडफोनलाही १०३ डेसिबलपर्यंत नेतो. आधी आठवडाभर त्यावर आपलं नेहमीचं संगीत ऐका. आवाज पुरत असेल आणि खरखर नसेल, तर ॲम्प घेऊ नका. ते पैसे अधिक चांगल्या हेडफोनसाठी ठेवा.